चौथा चौकोन

कुडपणच्या वाडीत उघडी उरलेली चार घरं, तिचं स्वतःचं धरून, श्रुतिकाने हॅस्केल या संगणकाच्या भाषेत लिहिलेल्या प्रोग्राममध्ये चार पेटते चौकोन म्हणून मांडली. तीन शेजारी पेटते असले की चौकोन पेटता राहतो, म्हणजे दोनाखाली दोन असे एकमेकांना चिकटलेले चार कधीच विझत नाहीत. म्हणूनच तिने ती तशी मांडली होती.

प्रोग्राम रखडायचा. दुपारी घरात एकटीच बसून तिने तो सुधारला. तो झरझर पळाला, आणि राहीबाईंचा चौकोन विझला. नियमात चूक नव्हती.

तेवढ्यात राहीबाई दारात आल्या.

"पोरगा मुंबयला नेतोय गो. चावी ठेव."

घर बंद करताना चावी शेजारी ठेवायची, ही वाडीची रीत.

चावी खिळ्याला अडकवून तिने चारही चौकोन पुन्हा पेटवले. हॅस्केलमध्ये तेच दिलं की दर वेळी तेच उत्तर मिळतं. तरी या वेळी दोन विझले. थोड्या वेळाने सयाजीकाका चावी ठेवून गेले. तिसऱ्यांदा तीन विझले, आणि चंद्राबाई आल्या.

चौथ्यांदा तिने प्रोग्राम चालवलाच नाही. तरी उरलेला चौकोन विझला.

बाहेरून दाराला कडी लागली, कुलूप खटकन बसलं. मग ओटीवरून तिचाच आवाज आला.

"आता चावी कोणाकडे ठेवू?"