माफीचा रविवार

ईस्टरच्या उपासाआधीच्या माफीच्या रविवारी माजी क्रीडामंत्री वेल्चेव कॅमेरावाल्याला घेऊनच स्नेझिनाच्या स्वयंपाकघरात शिरला. त्याची निवडणूक पंधरा दिवसांवर होती आणि प्लोवदिव शहरात तिला अजून लोक ओळखत. ऐंशीच्या दशकात तिच्याएवढा लांब भाला बल्गेरियात कोणी फेकला नव्हता, आणि वेल्चेवच्या सहीशिवाय एकही खेळाडू विमानात चढत नव्हता.

"लेकी, काही चुकलंमाकलं असेल तर माफ कर," तो कॅमेऱ्याकडे बघत म्हणाला.

आजच्या दिवशी माफी मागितली की द्यावीच लागते, हे ठाऊक असूनच आला होता लबाड.

"करते की. पण आधी हलवा! हात मागे घ्या, नुसत्या तोंडानं धरायचा, कॉम्रेड मंत्री. रीत विसरला नाहीत ना?"

भाचीनं लाटण्याला दोऱ्यानं टांगलेला पांढऱ्या हलव्याचा घट्ट तुकडा आणला. टेबलाभोवती स्नेझिनानं बोलावलेली खेळाच्या दिवसांतली सहा-सात जुनी मंडळी ओरडायला लागली. ऐंशी वर्षांचा वेल्चेव हात पाठीमागे धरून, आ वासून झुलत्या हलव्यामागे मान फिरवू लागला. स्नेझिनानं दोरा वर ओढला, बाजूला नेला, पुन्हा वर ओढला. तिला मजा येत होती आणि ती लपवतही नव्हती. शेवटी तिनंच तो त्याच्या तोंडात सोडला. त्यानं दात रोवले. टाळ्या पडल्या.

हलवा भलताच चिवट होता. वेल्चेव येणार असल्याचा फोन आल्यावर तीन दुकानं पालथी घालून तिनं तो निवडला होता.

"थेट दिसतंय ना सगळीकडे?" तिनं कॅमेरावाल्याला विचारलं. त्यानं मान डोलावली.

तिनं वेल्चेवचे दोन्ही हात हातात घेतले.

"माझा पासपोर्ट तुम्ही खणात लपवलात आणि माझ्या जागी स्वतःच्या पुतणीला ऑलिंपिकला पाठवलंत. माफ केलं."

वेल्चेव नुसताच 'अं, अं' करत राहिला. दात सुटेनात, हातही सुटेनात. भालाफेकीचे हात होते ते.

"माझे कोच मेतोदी तुमच्याविरुद्ध बोलले, म्हणून त्यांना खाणीत धाडलंत. ते तिथंच वारले. तेही मी..."

"थांब गं," टेबलाच्या टोकाकडून मेतोदींची बायको म्हणाली. काठी टेकत ती उठली. "ते मी माफ करते."

तिच्या मागोमाग आपापली माफी द्यायला बाकीच्यांच्या खुर्च्याही सरकल्या.