सुईएवढी भोकं

काडी पुन्हा मोडली.

सुईएवढी ती पोलादी काडी टक्कन तुटली आणि तिचं टोक नावेच्या फळीत रुतून बसलं. महनूर हातातल्या गिरमिटाकडे अशी पाहत राहिली, जणू चूक त्याचीच होती.

"झालं?" इंद्रभान गुरुजी म्हणाले. "आज आणलेली शेवटचीच व्हती न ते?"

"नाही गुरुजी, अजून एक आहे."

"म्हंजे अजून एक मोडायची आहे."

अमडापुरातल्या गुरुजींच्या ओसरीवर गेले कित्येक दिवस हेच चाललं होतं. महनूर त्यांच्या सुनेच्या, सुचिताच्या ओळखीतली. चिखलीहून स्कूटीवर यायची. मास्तरकीचा कोर्स करत होती म्हणे, आणि तिला हस्तकलेसाठी लाकडाची वीतभर नाव करून दाखवायची होती. गुरुजींनी जन्मभर शाळेत हस्तकला शिकवली. त्यांनी करून घेतलेली नाव फडताळावर नाही असं घर गावात शोधावं लागलं असतं. लेकरांवर ते कधी चिडले नव्हते. सगळा राग बहुधा या एकीसाठीच शिल्लक ठेवला होता.

नाव जवळजवळ होत आली होती. राहिला होता कठडा. त्याला टाचण्यांचे खांब, आणि प्रत्येक खांबाला एक भोक. फळी पापडासारखी पातळ. जरा जोर झाला की चिरायची, हात जरा तिरका झाला की काडी मोडायची.

"जोर नाही द्यायचा," गुरुजी म्हणाले. "लाकडाले इचारत इचारत जायाचं. किती डाव सांगू?"

"विचारलं गुरुजी. ते बोललंच नाही."

"तुह्यासारखंच हाय मंग. आन मी सांगतो तवा माह्या बोटांकडे काऊन पाहून राह्यली? भोकाकडे पाह्य."

महनूरने खाली मान घातली. सुचिता आतून चहा घेऊन आली, पेला गुरुजींच्या उजव्या बाजूला ठेवला आणि परत गेली.

पोळ्याच्या सुमारास गुरुजींना लकवा मारला होता. पाय सुधारला. उजवा हात मात्र मांडीवर मेल्यासारखा पडून राहिला. डॉक्टरांनी बजावलं होतं की बोटं आताच चालवली नाहीत, तर ती कायमची अशीच राहतील. दवाखान्यातून एक माणूस रबराचा चेंडू घेऊन घरी आला. गुरुजींनी तो चेंडू डाव्या हाताने अंगणात भिरकावला.

"मी काय लेकरू हाओ, चेंडू दाबायले? गेला तं गेला हात."

त्यानंतर सून त्यांना भात कालवून द्यायची, शर्टाची बटणं लावून द्यायची, आणि हाताचा विषय घरात कोणी काढत नव्हतं.

मग ही पोरगी आली. पहिल्या दिवशी मऊ पांगाऱ्याच्या लाकडाची ओबडधोबड नाव आणि मुठीत मावेल असं जाडजूड गिरमिट घेऊन आली. शिडाच्या काठीसाठी एक ढोबळ भोक पाडायचं होतं, तेही तिला जमेना.

"मी धरली की हलते," असं म्हणत तिने नाव गुरुजींच्या डाव्या हातात दिली, आणि भोक असं वेडंवाकडं पाडायला घेतलं की पाहवेना. गुरुजी ओरडले, तेव्हा म्हणाली, "एकदा तुम्हीच दाखवा न."

डावा हात नावेत अडकलेला. गुरुजींचं डोकं असं सणकलं की उजव्या मुठीने गिरमिटावर झडप घातली. गिरमिट पडलं. पुन्हा उचललं, पुन्हा पडलं. मग मुठीत टिकलं.

तेव्हापासून रोजचंच झालं. तिने बिघडवायचं, यांनी ओरडायचं आणि हिसकावून घ्यायचं. पांगारा संपून सागवान आलं, जाड गिरमिट जाऊन बारीक आलं. गुरुजी स्वतःच्या हाताने जेवू लागले. पोरगी मात्र होती तिथेच राहिली.

"औषधानं नाही, रागानं हात चालू झाला," ते पारावर सांगायचे. "अशी मठ्ठ पोरगी जन्मात पाह्यली नाही."

महनूरने शेवटची काडी गिरमिटात बसवली. दोन वेढे दिले. फळी करकरली.

"थांब. बापा, थांब."

"एकदा तुम्हीच दाखवा न, गुरुजी."

गुरुजींनी गिरमिट ओढून घेतलं. अंगठा आणि दोन बोटं हळूहळू फिरू लागली. पिठासारखा भुसा पडत गेला आणि फळीतून उजेडाचा एक ठिपका आरपार आला. मग दुसरा. उन्हं कलली तेव्हा कठड्याचं एकही भोक पाडायचं उरलं नव्हतं.

"घे तुही नाव," ते म्हणाले. "पण एक आयक. लेकरायले शिकवायच्या भानगडीत पडू नको, बाई. तुह्यात ते नाही."

"हाव, गुरुजी," महनूर म्हणाली. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही.

पुढच्या आठवड्यात सुचिता त्यांना बुलढाण्याला तपासणीसाठी घेऊन गेली. डॉक्टरांच्या समोर गुरुजींनी शर्टाचं बटण काढलं आणि लावलं. डॉक्टरांनी विचारलं, "व्यायाम कोणाकडे केला?"

"कोणाकडंच नाही. एका ढ पोरीनं जीव खाल्ला माह्या."

डॉक्टर गालात हसले. "शेवटच्या खोलीत व्यायामाच्या मॅडम आहेत. त्यांच्याकडे एकदा हाताची पकड मोजून घ्या."

त्या खोलीत गुरुजी याआधी कधी गेले नव्हते. त्यांनी पडदा जरा बाजूला केला. आत एक म्हातारी बसली होती. उजवा हात मांडीवर पडलेला, डाव्या हातात गोधडीचं टोक घट्ट धरलेलं. तिच्या शेजारी, उजव्या बाजूला, पांढऱ्या कोटातली कोणी मुलगी पाठमोरी बसून गोधडीला टाका घालत होती.

"अवो, याले काय टाका म्हंतेत?" म्हातारी करवादली. "तुह्या मायनं काहीच शिकवलं नाही काय तुले?"

"येतच नाही हो मले, आजी," महनूर म्हणाली. "एकदा तुम्हीच दाखवा न."