जिलेबी वाटा

माझ्या हृदयाची झडप आकसली होती आणि पाचवा महिना चालू होता. डॉक्टर म्हणाले, “ऑपरेशनमध्ये बाळ दगावू शकतं, थांबलात तर दोघंही.” सासू म्हणाली, “नातवाला धोका हाय, सही न्हाय करायची.” नवऱ्यानं आठ दिवस संमतीच्या फॉर्मवर सही केली नाही. काल दोघांनी मला रिक्षात घालून राजारामपुरीत सोनोग्राफीला नेलं. ‘येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही’ या पाटीखाली बसून तिथला डॉक्टर सासूला म्हणाला, “जिलेबी वाटा.” मुलगा असता तर पेढे म्हणाला असता. आज सकाळी हॉस्पिटलात नवऱ्यानं उभ्याउभ्याच सही ठोकली. सासू डोक्यावरून हात फिरवत म्हणाली, “तुझा जीव म्हत्त्वाचा, पोरी.” मी फॉर्म ओढला, नवऱ्याची सही खोडून माझी केली, नातेवाईकाच्या रकान्यात आईचं नाव लिहिलं. “डॉक्टर, आम्हा दोघींना न्यायला हिलाच बोलवा. येताना जिलेबी आणंल ती.”