ऑरिनची पिकअप

आपली छोटी लाल गाडी काउंटीच्या जत्रेतल्या दुर्मिळ जुन्या गाड्यांच्या प्रदर्शनाला ओढून न्यायला लोवेलने तीन जुन्या पिकअप पाहिल्या. मनात भरली ती वेलमाबाईंच्या कोठारातली. त्यांचा नवरा ऑरिन गेला तेव्हा लाल गाडीही लोवेलने तिथूनच भंगाराच्या भावात उचलली होती.

वेलमाबाईंनी त्याला लगेच ओळखलं. "ही पिकअप ऑरिनने मुद्दाम निवडलेली. ती छोटी गाडी दुरुस्त करायची आणि हिच्यामागे लावून जत्रेला न्यायची, एवढाच त्याचा ध्यास. त्या गाडीत काही राम नाही, असं ती नेताना तुम्ही म्हणालात. ते ऐकायला तो नव्हता, बरंच झालं."

लोवेलच्या कानाच्या पाळ्या तापल्या.

"घेऊन जा खुशाल. काय ओढणार हिने?"

"लाकडं," जमिनीकडे बघत लोवेल म्हणाला.