येऊन राहिलो

"गजेंद्र, पुण्याला फोन लाव! थांबवायला सांग त्यांना!"

अमिता कानावरचा हेडफोन न काढताच उठली. वायर ताणली, लॅपटॉप टेबलाच्या कडेला आला आणि गजेंद्रनं तो पोटानं अडवला.

"झालं काय ताई?"

"उर्मिलाकाकूंची फाईल, आपल्या घरी केलेली. मागे बाबा बोलताहेत."

पोळ्याच्या सुमारास बाबा गेले, तेव्हा खांदा द्यायला गजेंद्रही होता. त्यानं फोन लावला. पुण्याची लाईन बिझी.

सौंसर-पांढुर्ण्याची बोली यंत्राला कळावी म्हणून दोघं पुण्याच्या एका संस्थेसाठी गावोगाव आवाज गोळा करत होते. काम दिसायला सोपं. पण घराघरात कोंबडा, कुकर, देवळाचा भोंगा. सगळं शांत झालंच, तर माईक पाहून माणसं बदलायची. जन्मभर 'करून राहिली' म्हणणाऱ्या उर्मिलाकाकू पदर सावरून 'मी करीत आहे' म्हणाल्या. बाबांनीही तेच केलं. त्यांची मंजूर फाईल पुण्यात सुखरूप होती. 'नमस्कार. मी रघुनाथराव. आमच्या येथे संत्र्याचे उत्पादन घेतले जाते.' पंधरा ऑगस्टचं भाषण जसं. अमितानं ती एकदाच ऐकली होती. आवाज बाबांचाच होता. बोलत होतं कुणी दुसरंच.

एका फाईलीत एकच आवाज, हा पुण्याचा नियम. मागे दुसरं कुणी बोललं की फाईल नामंजूर. आता तिथली जागा भरली होती, म्हणून नामंजूर फाईली आज सकाळपासून पुसल्या जात होत्या. अक्षरांच्या क्रमानं, गाव धरून. बोरगाव गेलं, रामाकोना गेलं. लोधीखेडा डोळ्यांदेखत जात होतं. त्यानंतर सौंसर, काकूंची फाईल त्यातच.

"मंग उतरवून घ्या ना जल्दी!"

"कशावर? लॅपटॉप गच्च भरलाय."

गजेंद्रनं खिशातून पेन ड्राइव्ह काढला. तोही भरलेला निघाला. त्याच्या बहिणीच्या लग्नाचा व्हिडिओ.

"उडव."

"ताई! जवाई बोकांडी बसन माह्या."

"मग वरात उडव. मंगलाष्टकं ठेव."

गजेंद्रनं डोळे मिटून वरात उडवली. "बरंच झालं," तो म्हणाला. "लय वाईट नाचलो होतो मी त्याच्यात."

निळी पट्टी सरकू लागली. अर्ध्यावर आली आणि थबकली. लोधीखेडा संपलं.

"नेट गेलं!"

लॅपटॉपला नेट देणारा मोबाईल अमितानं उचलला, धावत ओट्यावर गेली आणि हात उंच करून उभी राहिली. सिग्नल इथे नाही म्हणून तिथे, तिथे नाही म्हणून पायरीवर.

"अमे," स्वयंपाकघरातून आई ओरडली, "काहून नाचून राहिली वं?"

"चाल बाप्पा, चाल," आत गजेंद्र लॅपटॉपच्या पडद्याला हात जोडत होता. "चाल ना रे... आली! ताई, आली!"

अमिता आत येईपर्यंत यादीतली सौंसरची ओळ कोरी झाली होती.

गजेंद्रनं हेडफोनची वायर उपसली आणि फाईल मोठ्यानं लावली.

उर्मिलाकाकू सांगत होत्या, 'संत्र्याची तोडणी हिवाळ्यात होत असते...' तेवढ्यात मागून आईची हाक, 'अवं आयकलं का, भाकर थंडी होऊन राहिली!' आणि मग लांबून, विहिरीकडून, भरदार, मोकळा आवाज: 'येऊन राहिलो ना वं! काहून बोंबलून राहिली?'

लगेच अमिताचा स्वतःचाच दबका आवाज: 'बाबा, शूऽ! रेकॉर्डिंग चालू आहे!'

पावलं वाजली. आणि माईकच्या अगदी जवळ, कुजबुजत: 'हाव का? बरं. नाही बोलत.'

अमितानं टेबलाची कड धरली. दारात आई उभी होती. दोन्ही हात पिठाचे.

फोन वाजला. पुण्याहून मानसी होती. अमितानं स्पीकर लावून एका दमात सांगितलं, फाईल पुन्हा पाठवते आहे, काकूंचा भाग कापा, मागचा आवाज ठेवा, बोलणाऱ्याचं नाव रघुनाथराव, त्यांचं संमतीपत्र तुमच्याकडे आहेच. पलीकडे टकटक झाली. फोनमधून बाबांची तीच हाक पुन्हा ऐकू आली. मग मानसीचा आवाज आनंदानं चढला.

"अमिताताई, अहो हे काय सापडलंय! इतकं मोकळं बोलणं आपल्याकडे एकही नाही. घेतेच मी हे. कायमचं घेते. फक्त एक, अर्थ तपासून द्या. 'येऊन राहिलो'. मी लिहिलंय, 'आलो आणि इथेच राहिलो'. बरोबर आहे ना?"

गजेंद्र फिसकन हसला.

"कुठचं राहनं अन् कुठचं काय!" आई दारातूनच म्हणाली. "येऊन राहिलो म्हनत, अन् घंटाभर पत्ता नसे."

"म्हणजे?" मानसीनं विचारलं.

"म्हणजे 'येतो आहे'," अमिता म्हणाली. "अजून वाटेत आहे."

"अच्छा! बरं झालं विचारलं. 'येतो आहे'. लिहिलं. मग ते 'इथेच राहिलो' खोडून टाकते."

आई अजून लॅपटॉपकडे पाहत होती. मघाशी आवाज जिथून आला, त्या बारीक जाळीकडे.

"नका खोडू," अमिता म्हणाली. "तेही राहू द्या."