कमावता

नात पहिलीत गेली त्याच वर्षी सुताराला साठ पूर्ण झाली. कारखान्यातल्या करवतीने त्याचा उजवा हात मनगटापासून नेला होता आणि त्याबद्दल त्याला अपंगत्वाची पेन्शन होती. पोर सांभाळणाऱ्या कमावत्या माणसाला कराच्या सवलतीतून दरवर्षी काही पैसे मिळायचे. त्यांच्याकडेच वाढणाऱ्या नातीचं त्यातच भागायचं. यंदा ते आले नाहीत, म्हणून नवरा-बायको कर कचेरीत खिडकीसमोर उभे होते.

"साठीपर्यंत तुमची पेन्शन कमाईत धरत होते, आजोबा," कारकून बाई म्हणाली. "आता ती म्हातारपणाची पेन्शन झाली. कमाई नाही, म्हणून सवलत नाही."

"पैसे तेच ना?"

"तेच."

सुताराने तुटका हात खिडकीत ठेवला. "मग साठीनंतर हा उगवतो का, तेवढं सांगा."

रांगेत कोणीतरी फिस्सकन हसलं. "अहो, नियम काय त्या बाईंनी केलाय?" बायको म्हणाली.

"मग कमाई म्हणजे काय?" सुताराने विचारलं.

"काम करून मिळालेली मजुरी. पेन्शन असली तरी चालते. जशी मजुरी, तशी सवलत." बोलता बोलता बाई शिक्क्यासाठी टेबलाचा खण ओढत होती. खण निघेना. तिने गुडघा लावून हिसडा दिला.

"कधीपासून अडतोय?"

"मी इथं आले तेव्हापासून."

"रिकामा करून द्या इकडे."

नातीच्या डेस्कासाठी धार लावून आणलेला रंधा बायकोच्या पिशवीत होता. दोघं बाकावर बसली. बायकोने खण गुडघ्यांत दाबून धरला. रंध्याचं पुढचं टोक तिच्या हातात, मागचं त्याच्या डाव्यात. घरचं सगळं लाकूडकाम ती दोघं असंच करायची. तो "हं" म्हणाला की ती ओढायची, तो ढकलायचा. पातळ सालपटं फरशीवर पडू लागली.

"आजोबा, दुकान मांडलं की काय?" रांगेतून एकजण ओरडला.

"आजच उघडलंय. तुमचंही काही अडत असेल तर आणा."

खण एका बोटाने आत गेला. बाईने तो उगाच पुन्हा उघडून मिटला. "उपकार झाले, आजोबा."

"उपकार नाही. मजुरी द्या. आणि पावती."

"एवढ्याने काय होणार? वर्षभर काम करावं लागेल."

"करीन की."

बाईने स्वतःच्या पर्समधून पैसे काढले. सुताराच्या आधी बायकोने हात पुढे केला. "अर्धे माझे."

पुढच्या वर्षी सवलत आली. त्याच्या पुढच्या वर्षीही आली.

नात पाचवीत गेली त्या वर्षी, थंडीत, सुतार वारला. कमावता होता.