बाहेरून कल्हई

टीपॉटच्या तोटीखाली लालसर ठिपका दिसला आणि सुलक्षणाबाई थबकल्या. चांदीला लाली कुठून आली? चिमूटभर रांगोळी बोटावर घेऊन त्यांनी पुन्हा घासलं. ठिपका रुपयाएवढा झाला.

"अगं बाई," त्या स्वतःशीच म्हणाल्या, "हे तर तांबं!"

टीपॉट सुनेचा, चैत्रालीचा. इंग्लंडात, लेस्टरमधलं हे व्हिक्टोरियन घर घेतल्यापासून तिला त्या काळाचं वेडच लागलं होतं. भिंतींना वेलबुट्टीचे कागद, शेकोटीभोवती फुलांच्या टाइल्स, आणि लोणच्याची एक फोड उचलायलासुद्धा वेगळा काटा. हौसेला मोल नसतं, हे सुलक्षणाबाईंना मान्य होतं. पण साताऱ्याहून आल्यापासून त्यांना घरात कशाला हात लावू दिला जाईल तर शपथ. "आई, तुम्ही बसा हो," हेच दिवसभर ऐकायचं. बसून बसून त्यांना वाटायला लागलं होतं, की आपण इथे धड पाहुण्या नाही आणि धड घरच्याही नाही. आज दुपारी शेजारच्या बायका चहाला यायच्या होत्या. चैत्राली बेकरीतून चहाबरोबरचे स्कोन्स आणायला गेली होती, आणि नटवलेल्या टेबलाच्या मधोमध हा काळवंडलेला टीपॉट! एवढं एक काम तरी आपल्या हातचं व्हावं, म्हणून त्यांनी तो उचलला. चांदीला रांगोळी लागते, हे काही त्यांना कुणी शिकवायला नको होतं.

आणि तांब्याला चिंच लागते, हेही नको होतं. बेलग्रेव्ह रोडवरच्या देशी दुकानातून आणलेली चिंच त्यांनी भिजत घातली, वर मीठ टाकलं, पदर खोचला आणि सिंकजवळची हिरवी घासणी हातात घेतली. वरचं पांढरं म्हणजे कल्हईच, आणि जुनी कल्हई पार उतरल्याशिवाय तांबं कसलं उजळतंय! हात भरून आले तेव्हा कुठे त्या थांबल्या. टीपॉट पूजेच्या कलशासारखा झळकत होता. त्याच्यावर कोरलेल्या नेच्याच्या पानांच्या रेषांत तेवढी कल्हई अडकून राहिली होती, आणि ती तर फारच सुंदर दिसत होती.

मीटिंग संपवून त्यांचा मुलगा सुयश कॉफी घ्यायला खाली आला आणि दारातच थिजला.

"आई! हे काय केलंस? दीडशे वर्षांचा आहे तो!"

"म्हणून तर घासला. मेल्यांनी इतकी वर्षं हात लावलेला दिसत नाही."

"अगं, सिल्व्हर प्लेटेड होता तो. तांब्यावर चांदीचा पातळ थर. तो काढायचा नसतो, तेवढाच तर जपायचा असतो! चैत्रालीने असा मिळावा म्हणून जुन्या वस्तूंचे किती बाजार पालथे घातले, माहितेय?"

सुलक्षणाबाईंचे ओले हात तसेच राहिले. करायला गेले गणपती आणि झाला मारुती! सून ओरडली असती तर त्यांनी ऐकून घेतलं असतं. पण चैत्राली ओरडणारी नव्हती. ती समजूतदारपणे गप्प बसेल, आणि मग परतीच्या विमानापर्यंत आपण नुसतं सोफ्यावर बसायचं. त्यांना रडूच यायला लागलं.

"टी-कोझी घाल वरून," ड्रॉवरमधून टीपॉटचं कापडी टोपडं काढत सुयश कुजबुजला. "आजच्यापुरतं निभावून जाईल."

"काही झाकायचं नाही. मी केलंय, मीच सांगते."

तेवढ्यात दार उघडलं. चैत्राली खोके सांभाळत आत आली, आणि तिची नजर टीपॉटवर गेली. तिने खोके ओट्यावर ठेवले. टीपॉट हातात घेऊन सावकाश फिरवला, खिडकीशी नेला, परत आणला.

"माझ्या हातून नासलं गं," सुलक्षणाबाई म्हणाल्या. "मला कल्हई वाटली. म्हटलं, खराब झालीये, काढून टाकू."

चैत्राली गप्पच. ती शांतता काही सुलक्षणाबाईंना सोसेना, आणि मघापासून डोक्यात घोळत होतं ते त्या बोलून गेल्या.

"पण मला एक सांग, ही माणसं कल्हई आतून करायची सोडून बाहेरून कशाला करतात? आत चहा कळकला म्हणजे?"

चैत्रालीचे ओठ हलले. तिने ते दाबून धरायचा प्रयत्न केला, पण छे! ओट्याला टेकून ती अशी हसत सुटली की डोळ्यांत पाणी आलं. सुयशला आधी वाटलं, रडतेय.

"आई, बघणाऱ्यांना छान दिसावं म्हणून हो!"

"आणि पिणाऱ्यांनी काय करायचं?"

"पितंय कोण? मी यातून कधी चहा ओतलाच नाही. उगाच ओरखडा पडेल म्हणून भीती वाटायची." तिने डोळे पुसून टीपॉटकडे पुन्हा पाहिलं. "आता गेली बाई एकदाची भीती!"

सुयशने सुस्कारा सोडला आणि कोझी हळूच ड्रॉवरमध्ये सरकवली.

चैत्रालीने घड्याळाकडे पाहिलं, काचेचं कपाट उघडलं आणि जोडीचं साखरेचं भांडं आणि दुधाचा जग काढून सासूबाईंसमोर ठेवला. दोन्हींवर तीच नेच्याची पानं होती, आणि दोन्ही तशीच काळवंडलेली.

सुलक्षणाबाईंनी चटकन हात मागे घेतले. "नको गं बाई! आता मी कशालाच हात लावणार नाही."

"असं कसं आई?" घासणी त्यांच्या हातात देत चैत्राली म्हणाली. "ही दोन अशीच राहिली तर त्या बायका काय म्हणतील? हिच्या सासूबाईंनी काम अर्धवट टाकलं!"